करंगळीत कोणी राहत नाही

...नाही हो, दुखत नाही! जो तो तेच विचारतो. दुखत होतं तेच बरं होतं म्हणायची वेळ आलीय! तुम्हाला सांगतो, मी भाला फेकतो, उजव्या हातानं, आणि भाला सुटला रे सुटला की कोपराच्या आतल्या अंगाला अशी कळ जायची की डोळ्यांसमोर काजवे! मग एक दिवस कळ थांबली. मी खूश! बायकोला म्हटलं, "पळालं बघ दुखणं!" आणि दुप्पट फेकायला लागलो. पण दुखणं एकटं गेलं नव्हतं, जाताना करंगळीला घेऊन गेलं होतं! म्हणजे करंगळी आहे... पण करंगळीत कोणी राहत नाही!

चिमटा काढा, कोणी ओ देत नाही. आंघोळीचं पाणी साडेतीन बोटांना गरम, दीड बोटाला पत्ताच नाही! शर्टाचं बटण लावताना वाटतं, हा कुणा दुसऱ्याचाच हात माझ्या गळ्यापाशी आलाय. भीती वाटते हो... खरंच वाटते.

आमचे कोच म्हणतात, "करंगळीनं भाला फेकतोस का रे? चिकटपट्टी लाव! निवड चाचणी तोंडावर आलीय!" लावली. करंगळी शेजारच्या बोटाला बांधली. तर आता शेजारीही गप्प!

शेवटी लेकीला घेऊन डॉक्टरबाईंकडे गेलो. "हा कागद करंगळी आणि शेजारच्या बोटात धरा, सोडू नका." मी, भाला धरणारा माणूस! बाईंनी अलगद ओढला... गेला की हो कागद! "कोपरापाशी नस दाबली गेलीय. मोकळी करावी लागेल. उशीर केलात तर बोटं आखडतील." म्हटलं, "चाचणीनंतर बघू."

बाहेर पडलो. रस्ता ओलांडताना लेक नेहमी माझी करंगळी धरते. धरली, निघालो, डोक्यात चाचणी... पलीकडे पोचून खाली बघतो, तर कोणी नाही! लेक रस्त्याच्या मधोमध, निघालेली चप्पल घालत बसलेली! ब्रेक, हॉर्न, शिव्या... धावत जाऊन उचललं, तर म्हणते, "बाबा, मी केव्हाच हात सोडला होता!" करंगळीत कोणी राहत नाही हो... लेक सुटली तर मला सांगणार कोण?

तिला कडेवर घेऊन तसाच उलटा फिरलो, ऑपरेशनची तारीख घेतली. मिळाली ती नेमकी चाचणीच्या दिवसाची! कोच ओरडले, "एका करंगळीसाठी? वेड लागलंय तुला!" लागलं असेल. ऑपरेशन झालं. बाई म्हणतात, जाणीव येईल हळूहळू, भाल्याचं मात्र विचारू नका. तोवर रस्त्यावर लेक माझं बोट धरत नाही. मनगट धरते, घट्ट, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "आमचे बाबा हरवतात ना!"