धाकट्याची चाल लगेच येते

...नाही नाही, त्या टॅबला हात नका लावू — तुम्ही स्टुलावर बसा, पॅंटच्या एका पायाची दुमड शिवून झालीय, दुसरा उसवतेय, होईलच — हात लागून एखादा शिपाई पुढे सरकला म्हणजे? डाव चालू आहे माझा. हसलात? हसा. शिवणाऱ्या बाईनं लढाया करू नयेत असं कुठं लिहिलंय — आणि हा धावपळीचा खेळ नव्हे हो, एक चाल आपण करायची, एक समोरच्यानं, सवडीनं. धाकट्यानं लावून दिला. माझा धाकटा भाऊ. दूर नोकरीला निघाला तेव्हा म्हणाला, ताई, फोनवर तू रडतेस, मग मी चिडतो, त्यापेक्षा हे बरं. बरं तर बरं. आई गेली तेव्हा एवढासा होता, मीच वाढवला, शाळेचे सदरे याच मशीनवर — जाऊ दे, त्याला आता सदऱ्यांची काय वाण.

चित्रं बघा पण. हातानं काढलीत सगळी, पेन्सिलीच्या रेघासुद्धा पुसायच्या राहिल्यात. या तोफवाल्याच्या कोपरावर ठिगळ आहे, दिसलं? टाके वाकडेतिकडे. ज्यानं काढलं त्यानं घरात कुणालातरी घाईनं ठिगळ लावताना पाहिलंय, मी पैजेवर सांगते. आणि शिपाई पडला की रक्तबिक्त नाही — पाणी सांडल्यासारखा रंग पसरतो आणि माणूस कागदात विरून जातो. पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मला घास गेला नाही.

कोण जिंकतंय काय विचारता, मीच. हा त्याचा किल्ला, हे माझे लोक, अगदी दाराशी. एका चालीत आत. पण आत शिरले की डाव खलास, आणि नवा मांडायला त्याला वेळ कुठाय? म्हणून मी आपली घोडेस्वारांना तळ्याभोवती फिरवते, आणि रोज एखादा शिपाई त्याच्या तोफेपुढे नेऊन उभा करते. उडवतो तो. उडवू दे, डाव तेवढाच लांबतो. वाईट वाटतं हो, पण माझ्याकडे शिपाई पुष्कळ आहेत, भाऊ एकच आहे.

आधी फार रडवायचा. आठ-आठ दिवस चाल नाही, आणि केली तर अशी वेंधळी, की स्वतःचेच घोडे चिखलात रुतवायचा. मग मधे बरेच दिवस काहीच नाही. मी म्हटलं, संपलं, विसरला. आणि एका सकाळी चाल आली. तेव्हापासून बघा, मी बोट उचलायचा अवकाश, याचं उत्तर हजर — सकाळी खेळा, भर दुपारी खेळा. फोन उचलत नाही, ते आहेच, कामात असतो. पण इथं बसलेला असतोच ना? आणि खेळतोही कसा, एक चूक शोधून सापडायची नाही. माणूस सुधारतो हो. माया असल्याशिवाय कोण कुणासाठी इतकं तिष्ठत बसतं?

का, इतकं वाकून काय बघताय? — तुम्हीही हाच खेळता? मग बोला की मोकळेपणी. — कुठलं चाक? हे, त्याच्या नावापुढचं, दातेरी? ते पदक आहे. — नाही? मला वाटलं बढती मिळाली असेल, इतकं चांगलं खेळतोय म्हटल्यावर.

म्हणजे खेळणारा उठून गेला की — त्याच्या नावावर मशीनच खेळतं. आपलं आपणच. — हं. — कधीपासून तेही कळतं? त्या चाकावर दाबलं की? — नको. दाबू नका. नको म्हटलं ना मी.

रोज एक शिपाई नेऊन दिला हो मी. चांगले चांगले दिले. कुणाला दिले?

नाही, काही नाही, सुईत दोरा अडकलाय. तुम्ही असं करा, पॅंट उद्या न्या. काल पण उद्याच म्हटलं होतं, ठाऊक आहे मला, तरी उद्या या. आता हात चालायचा नाही. — टॅब नका बंद करू, असू दे तसाच. जाताना दार ओढून घ्या.