दुधनीची नऊ गिधाडं

—नाही म्हणजे नाही. ठेव ते परत खिशात. नको, थांब, इथं काउंटरवर ठेव, बघू दे मला. हां, तेच. माणसाचं डायक्लोफेनॅक. तीन-तीन मिलीच्या सहा बाटल्या— आणि मेडिकलवाला म्हणाला असेल, चालशे भाई, बधुं एक ज छे, चालेल, सगळं एकच. म्हणाला ना? मला माहीत होतं. आणि तू खडोलीहून कंपनीची ड्यूटी संपवून तसाच आलास, की सुकदेवभाऊ आहेत सिल्वासात, त्यांचा हात हलका आहे, घरी येऊन टोचून देतील. बस त्या स्टुलावर. म्हशीची कास सुजलीय, दगड झालाय, सडाला हात लावू देत नाही— समजलं मला. दहा मिनिटांत मरत नाही ती. तू आपल्या साक्रीकडचा म्हणून बसवतोय, समाधान. दुसरा असता तर हाकलून दिला असता.

हे औषध जनावराला द्यायला बंदी आहे. आजची नाही, दोन हजार सहापासूनची. का? म्हशीला काही होत नाही, उलट ठणका जातो, उभी राहते. पण समजा ती मेली, दोन-तीन दिवसांत मेली, तर हे तिच्या मांसात तसंच राहतं. ते मांस गिधाड खातं आणि त्याची मूत्रपिंडं बंद पडतात. मान खाली घालून फांदीवर बसतं, बसतं, आणि पडतं. एका ढोरावर वीस-पंचवीस गिधाडं जेवायची— म्हणजे किती गेली बघ. अशी सगळ्या देशातली गेली, लाखांनी. हसतोस? हस. गिधाड म्हटलं की सगळे हसतात, नाहीतर थुंकतात. घाणेरडा पक्षी म्हणे. अरे, तो घाण साफ करायचा! अख्खा बैल तासाभरात संपवून हाडं अशी स्वच्छ ठेवायचा की हातात घ्यावीत. आता कोण खातं? गावाबाहेर जाऊन बघ, कुत्री लोळत असतात त्या सडक्यात, आणि मग तीच कुत्री पोरांना चावतात. घाणेरडे आपण आहोत. मी तर— राहू दे.

मी आणि दुर्गा, तुझी वहिनी, तेव्हा दुधनीत राहायचो. धरणाच्या अलीकडे, खोली भाड्यानं, मागं गोठा. आधी कंपनीत होतो, मशीननं हे बोट नेल्यावर सोडली, आणि एका डॉक्टरांच्या हाताखाली ढोरांना सुया मारायला शिकलो. गावातल्या शाळेत मालतीबाई होत्या, रत्नागिरीकडच्या. बारीक अंगाच्या, आवाज मात्र खणखणीत. गावामागच्या माळावर मेलेली ढोरं टाकायचे आणि त्याच्या वर टेकडीला दोन मोठी सादड्याची झाडं. त्यावर गिधाडं. पांढऱ्या पाठीची, नऊ. बाई दर शनिवारी शाळा सुटली की पोरं घेऊन लांब उभ्या राहायच्या आणि मोजायच्या. वहीत लिहायच्या. नऊ. पुढच्या शनिवारी नऊ. एका वर्षी एका घरट्यात पिल्लू झालं तर बाईंनी शाळेत गूळ वाटला! जोडी वर्षाला एकच अंडं घालते, ठाऊक आहे तुला? एक. आपण कोंबडीसारखं समजतो.

तर बाई एक दिवस माझ्या गोठ्यात आल्या. म्हणाल्या, "सुकदेवभाऊ, ह्या पट्ट्यातली सगळी ढोरं तुमच्या हाताखालून जातात. तुम्ही एकट्यानं मनावर घेतलंत तर हे पक्षी वाचतील. मोठं काही करायचं नाही. ती बाटली वापरू नका, मेलोक्सिकॅम वापरा. आणि कुणी चुकून दिलीच असेल आणि जनावर गेलं, तर पुरायला लावा." इतकंच. मी शब्द दिला. आणि पाळला बरं का, चार वर्षं पाळला! घरोघर सांगितलं. शाळेत माझा सत्कार केला, शाल, नारळ, कुठले कुठले साहेब आलेले, गिधाडाच्या चित्रासमोर उभे राहून फोटो काढून गेले. टेकडीवर एकजणही चढला नाही. वास येतो म्हणे! रुमाल नाकाला. ते वासाला घाबरले आणि मी त्यांच्या शेजारी शाल पांघरून हसत उभा.

आणि मग ते झालं. झुंबर म्हणून होता, माझा शेजारी, आपल्याच भागातला. त्याचं जनावर आजारी पडलं. पावसाळा संपला होता, मेलोक्सीच्या बाटल्या संपलेल्या, जनावर रात्रभर कण्हत होतं, पाय झाडत होतं. बघवत नाही रे ते. आणि पिशवीच्या तळाशी ही बाटली होती, जुनी. एकदाच देऊ, म्हटलं— म्हणजे त्यानं दिली. उठून उभी राहिली म्हैस, चारा खाल्ला. दुसऱ्या दिवशी दुपारी मेली. दोन दिवस दुर्गानं चूल पेटवली नाही, नुसती गोठ्याच्या दाराशी बसून रडत—

काय?

काय बघतोस? दुर्गा का रडली म्हणजे? शेजाऱ्याच्या म्हशीसाठी बाईमाणूस रडत नाही का? …नाही रडत. बरोबर आहे तुझं. दोन दिवस उपाशी नाही राहत.

माझी होती म्हैस. मीच टोचली. आता ऐकलंस तर पुरतं ऐक. पुरायला पाहिजे होतं, मला नाही कळत काय? शंभर लोकांना मीच सांगत फिरायचो. पण दुधनीची जमीन म्हणजे नुसता कातळ, खड्ड्याला चार माणसं बोलवावी लागतात. आणि चार माणसं आली की पहिलं विचारणार, सुकदेवभाऊ, पुरताय कशाला? पुरणं म्हणजेच सांगणं होतं ना! शाल खुंटीला टांगलेली समोर. मी म्हैस ओढून नेणाऱ्यांना बोलावलं. ते घेऊन गेले माळावर. मी दारातून बघत होतो, वर घिरट्या सुरू झाल्या होत्या. मी काय केलं असेल? हात धुतले, जेवायला बसलो. दुर्गा जेवली नाही. मी जेवलो.

चौथ्या दिवशी पोरं धावत आली. झाडाखाली सात पडलेली. आठवं जिवंत होतं, मान अशी मोडल्यासारखी खाली. बाईंनी ते मांडीवर घेतलं. तो पक्षी, तो वास, आणि ती बाई लुगडं पसरून बसलेली, चमच्यानं पाणी घालतेय. संध्याकाळी गेलं. नववं उडालं ते कुणाला दिसलं नाही परत. डॉक्टरांनी तिथंच एक फाडलं, मी पाय धरून होतो, मलाच बोलावलं होतं धरायला. आतून सगळं पांढरं. काळजावर, सगळीकडे, चुना शिंपडल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, तेच औषध. बाईंनी मान वर केली. "सुकदेवभाऊ, कुणाचं ढोर होतं हो?"

त्याच आठवड्यात झुंबरचा बैल गेला होता. मीच औषध दिलेलं, चांगलं, मेलोक्सी. माझ्याकडच्या संपलेल्या म्हणून बाटली मेडिकलमधून त्यानंच आणलेली, पण मी वाचून टोचली होती. मी म्हटलं— "झुंबरचा बैल." इतका पटकन म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं. आणि बाईंनी विश्वास ठेवला. माझ्यावर नाही ठेवायचा तर कुणावर? शाल दिलेली मला!

झुंबरला फॉरेस्टवाल्यांनी दोन दिवस बसवून ठेवलं. गावात बोंब झाली की ह्याच्या गोठ्यात विष आहे, त्याचं दूध कुणी घेईना. त्यानं ढोरं विकली. आता राखोलीला एका कंपनीच्या गेटवर आहे, शिट्टी घेऊन ट्रक मागं घ्यायला सांगतो. नांगरणारा माणूस. मी पण दुधनी सोडली, इथं दुकान टाकलं. बाईंनी बदली घेतली नाही, रिटायर होईपर्यंत तिथंच, आणि त्यानंतर पण शनिवारी पोरांना घेऊन जायच्या. शून्य लिहायला! मी विचारलं एकदा, बाई, कशाला? तर म्हणाल्या, मोजायचं सोडलं तर आले तरी कळणार नाही.

आणि दर वर्षी सप्टेंबरात गिधाडांचा दिवस करतात, तेव्हा मला बोलावतात. मी जातो! बोलतो पण छान. औषध बघून घ्या, लेबल वाचा, डॉक्टरला दाखवल्याशिवाय सुई मारू नका, असं औषध दिलेलं ढोर उघड्यावर टाकू नका. पोरं टाळ्या वाजवतात. घरी आलो की मला माझ्या तोंडाचा वास येतो. दात घासून जात नाही.

हं? सांगून टाका म्हणतोस. बाईंना? पंचवीस वर्षं कातळावर उभी राहिलेली बाई, तिला सांगू की तुमची नऊच्या नऊ मी मारली? …हो, झुंबरला तरी सांगावं. तू म्हणतोस ते खरं आहे. पण ते तर आणखी वाईट आहे रे, तुला माहीत नाही. त्याला सोडवायला मीच गेलो होतो. जामीन राहिलो. आणि वाटेत त्यानं मला विचारलं, भाऊ, मला लिहिता-वाचता येत नाही, मेडिकलवाल्यानं चुकीची बाटली दिली असेल का? मी म्हटलं, असेल. तेव्हापासून तो समजून चाललाय की त्याच्याच हातून झालं. अजून भेटला की टोपी काढतो, म्हणतो, सुकदेवभाऊ, तुम्ही होतात म्हणून निभावलं. पोराच्या लग्नात पहिली पत्रिका मला दिली त्यानं. पहिली पंगत. मला पाटावर बसवलं आणि स्वतः वाढायला उभा राहिला, आग्रह करून करून—

घे, हे मेलोक्सी घे. कासेत सोडायची ट्यूब डॉक्टर लिहून देतील, त्यांचा नंबर ह्या चिठ्ठीच्या मागं आहे, मी नाही येत टोचायला. आणि बघू नकोस माझ्याकडे असा. जा. अरे जा ना, उठ!