सामान कोण बघणार

आणि वर लोक मलाच विचारतात, काय मग, बेटावर जाऊन आलात म्हणे, मजा केली की नाही? मजा... तुम्हाला सांगतो, तीन दिवस, दोन रात्री, चारी बाजूंनी समुद्र, जिकडे मान वळवाल तिकडे पाणीच पाणी, आणि हा बघा माझा पाय, घ्या, नीट बघून घ्या, या पायाला समुद्राचा थेंब लागलेला नाही. हे दिसतायत ना, हे वाळूचे फोड आहेत.

आता मुळापासून सांगतो. एकतीस वर्षं मी बसस्थानकावरच्या क्लोकरूममध्ये काढली. लोक यायचे, बोचकी माझ्या गळ्यात मारायचे, टोकन घ्यायचे आणि फिरायला जायचे, मी आपला खिडकीत. नवीन लग्न झालं तेव्हा बायकोला शब्द दिला होता, एकदा आपण दोघं हात धरून समुद्रात उभं राहायचं, गुडघाभर पाण्यात, जास्त नाही. ती दरवर्षी विचारायची आणि मी दरवर्षी म्हणायचो, अगं, मी सुट्टी घेतली तर सामान कोण बघणार? गेल्या महिन्यात रिटायर झालो, लगेच मेहुण्यानं बेटाचं बुकिंग केलं, म्हणाला, "दाजी, आता तुमच्याकडे कारण उरलेलं नाही." मलाही वाटलं, खरंच उरलेलं नाही.

आम्ही दोघं, मेहुणा आणि सासूबाई लाँचमधून उतरलो, तर ऊन म्हणजे काय सांगू, सकाळचे नऊ आणि टाळूवर पापड भाजून घ्यावेत. तरी बायकोनं साडी वर खोचली, मी पँट दुमडली, चाललो दोघं जोडीनं पाण्याकडे, दहा पावलं गेलो असू नसू, मागून सासूबाईंचा आवाज, "जावईबापू, सगळेच पाण्यात उतरलात तर सामान कोण बघणार?"

झालं. हे वाक्य कानावर पडलं की माझे गुडघे आपोआप वाकतात हो. बसलो. बायको म्हणते, "अहो, दोन पिशव्या आणि चार चपला, कोण नेतंय?" आता कोण नेतंय हे काय विचारणं झालं? कोणीतरी नेईल या एका भीतीवर माझी एकतीस वर्षांची नोकरी झाली. म्हटलं, तू हो पुढे, मी आलोच.

तेवढ्यात मेहुण्यानं घड्याळ आणून दिलं, मग फोन, मग चष्मा. आता हातात सामान आलं की टोकन दिल्याशिवाय मला चैन पडत नाही, त्याला मी काय करू? वाळूत शिंपले होते ढिगानं. खिशातलं पेन काढलं, एक, दोन, तीन असे आकडे घातले आणि दिले तिन्ही शिंपले त्याच्या हातात. इथंच चुकलो. शेजारी एक टक्कल पडलेले गृहस्थ हे सगळं बघत होते, त्यांना वाटलं ही हॉटेलचीच सोय. आले, बॅग ठेवली, हात पुढे केला. मी सांगायला हवं होतं ना, की बाबा रे, मीही तुझ्यासारखाच फिरायला आलोय? पण जीभ रेटेल तर शपथ. चार नंबर दिला.

दुपारपर्यंत सत्तावीस नग झाले. सावली एकाच झाडाची, तीही उभं राहू देईना, दर पंधरा मिनिटांनी ती सरकायची आणि तिच्या मागे मी सत्तावीस नग उचलून सरकायचो. तिकडे बायको गुडघाभर पाण्यात उभी, एकटी, एक हात बाजूला धरलेला... म्हणजे माझ्यासाठी धरलेला. मला दिसत होता हो तो हात. पण सामान कोण बघणार?

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला हॉटेलचा मॅनेजर टेबलाशी आला. "साहेब, आज किती वाजता उघडताय?" आणि मी काय म्हणालो असेन? म्हणालो, साडेआठ. बायकोनं कप खाली ठेवला आणि उठून गेली. त्या दिवशी तर सासूबाई आल्या, म्हणाल्या माझी पिशवी द्या, मी म्हटलं टोकन? "अहो जावईबापू, मी तुमची सासू." म्हटलं ते खरं, पण टोकन? तीन तास बोलल्या नाहीत. तेवढंच काय ते सुख मिळालं त्या बेटावर.

तिसरा दिवस, चारची लाँच. बायको सकाळीच म्हणाली, शांतपणे बरं का, रागावली असती तर परवडलं असतं, "आज नाही आलात तर यापुढे मी विचारणार नाही." सरळ खिडकी बंद केली, म्हणजे तोवर आलं होतं तेवढंच ठेवलं, नवीन सामान घेतलंच नाही. तीनपर्यंत सगळ्यांचं ज्याचं त्याला दिलं, राहिली फक्त चार नंबरची बॅग, टकलूंचा पत्ता नाही. म्हटलं राहू दे, मरू दे. गेलो. ओल्या वाळूशी रबरी चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या. समोर बायको, हात पुढे केलेला, आणि हसत होती हो, किती वर्षांनी. एक पाऊल राहिलं होतं. आणि मी मागे वळून बघितलं.

कोणीतरी चार नंबर उचलत होतं.

धावलो. तापल्या वाळूतून, अनवाणी, बोंबलत. बघतो तर टकलूच. म्हटलं, टोकन? म्हणाले, "हरवलं, पण बॅग माझीच आहे." असं सगळेच म्हणतात. मग आता काय, बॅगेत काय काय आहे तोंडी सांगा, मग उघडून दाखवा, मग कागदावर लिहून द्या, सही करा... रीतसर वीस मिनिटं गेली आणि लाँचचा भोंगा झाला.

परत आलो तर भरती लागलेली, चपला जागेवर नाहीत. बायको पाण्यातून बाहेर येत होती. म्हटलं, "माझ्या चपला?"

"गेल्या."

"कुठे?"

"आत. माझ्या समोरून गेल्या दोन्ही, एकीला लागून एक, अगदी जोडीनं."

तापल्या वाळूवरून धक्क्यापर्यंत अनवाणी आलो, तिथे हे फोड आले. लाँचमध्ये बसल्यावर न राहवून विचारलं, अगं, समोरून जात होत्या, हात घालून धरायच्या तरी. ती समुद्राकडे बघत म्हणाली, "धरल्या असत्या. पण माझ्याकडे टोकन कुठे होतं?"

नियमानं बरोबरच होतं तिचं.