मंगळवारचा फोन

ह्यूनव्हिलच्या बसथांब्यावर एल्सपेथ रांगेत उभी होती. तिच्या पुढच्या बाईंना एका म्हाताऱ्या गृहस्थाने सफरचंदांच्या पॅकिंग शेडचा रस्ता विचारला. बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या.

“तुम्ही होबार्टच्या घाऊक मंडईतले लेनर्ड ना?”

“हो. कसं ओळखलंत?”

“एकोणीस वर्षं दर मंगळवारी फोनवर हाच आवाज ऐकलाय. मी शेडमधली नोरीन, ऑर्डर लिहून घेणारी.”

“मग शेडपर्यंत जायलाच नको. तुम्हालाच भेटायला आलोय मी.”

“तीन आठवडे तुमचा फोन नाही, ऑर्डर मात्र वेळेवर. नाही नाही ते मनात आलं हो माझ्या.”

“आता आमचा कम्प्युटर परस्पर तुमच्या कम्प्युटरला ऑर्डर पाठवतो. फोन करायची गरज नाही म्हणाले.”

“काही चुका होतायत का त्यात?”

“एकही नाही. सफरचंदाची जात, पेट्या, तारीख, सगळ्याला रकाना आहे. तुमचा गुडघा कसा आहे, हे विचारायला तेवढा नाही.”

“बरा आहे आता. काठी सुटली.”

“तुमची बस आली बघा.”

“जाऊ दे तिला. समोर चहा बरा मिळतो.”

एल्सपेथ एकटीच बसमध्ये चढली.