सडा पडला म्हणजे काकू बरी

शेजारधर्म राह्यला नाही म्हणता ना, तं आमच्या दिग्रसच्या गल्लीतलं ऐका. समोरची गोदाकाकू ऐंशीची, घरात एकटी, पोरगा नागपूरले. आम्ही शेजाऱ्यायनं ठरवलं का सकाळी काकूच्या अंगणात सडा-रांगोळी दिसली म्हणजे काकू बरी. नाही दिसली तं दार वाजवाचं. पाहाचं काम मी अंगावर घेतलं. रोज सात वाजता खिडकीतून अंगण पाहो आन् पोराले मेसेज टाको, "आई ठणठणीत." त्याचा लगेच अंगठा येई.

मागच्या महिन्यात सकाळी काकू पिशवी घेऊन ऑटोतून उतरली. म्हटलं, "काकू, कुठं गेलत्या?"

"नागपूरले, पोराकडं. पाच दिवस झाले."

"असं कसं? सडा तं रोज पडून राह्यला!"

मागून आमची बायको म्हणते, "तो मी टाकून राह्यली. काकूची कंबर दुखते, म्हणून महिना झाला."

"मंग दाराचं कुलूप नाही दिसलं तुले?"

"दिसलं ना. पण तुम्ही रोज पाहता, म्हटलं तुमाले माहीत असन."

काकूनं पिशवी खाली ठेवली. "पोरगा रोज मले वाचून दाखवे, आई ठणठणीत. म्हटलं, बाप्पा, मी घरात मरून पडली असती तरी या गल्लीत महिनाभर ठणठणीतच राह्यली असती."

तवापासून मी रोज दार वाजवतो. काकू आतूनच ओरडते, "जित्ती हावो! तिले सडा टाकाले पाठव!"