पितळी व्हॉल्व्ह

ऑर्डर देताना ‘अमोनियासाठी, लोखंडी’ एवढं का नाही लिहिलं? मला अजून कुणी सांगितलं नाही. पाणी गोठवायला वापरतात तो अमोनिया गॅस पितळ खातो. आमच्या बर्फाच्या कारखान्यात पितळी व्हॉल्व्ह आला, फुटला, आणि गॅसने माझा दादा गेला. तेराव्यानंतर त्याच्या जागी मला घेतलं.

मग नवा व्हॉल्व्ह आला, चंदेरी रंगाचा. मी तो घेऊन ऑर्डर देणाऱ्या साहेबांकडे गेलो.

“साहेब, ऑर्डरीत काय लिहिलंत?”

“दोन इंची व्हॉल्व्ह. आणखी काय लिहितात रे?”

शिडीवरून फिटर काका ओरडले, “आण रे वर लवकर!”

मी आधी कानस मारली. रंगाखाली पिवळं दिसलं.

“काका, खाली उतरा!” म्हणालो आणि पळत जाऊन तो व्हॉल्व्ह मांडवीच्या समुद्रात फेकला. कारखान्यासाठी केलेलं माझं ते शेवटचं काम.