जिन्याखाली ये

दातांच्या दवाखान्यात नंबर पुकारणाऱ्या बाईंच्या कानावर बाकावरच्या दोन मुलींचं बोलणं पडत होतं.

"व्हेप सोडा सांगणाऱ्या रीलमध्ये काळं फुफ्फुस नको गं. आपल्यासारखी पोरं ते बघतसुद्धा नाहीत."

"मग काय सांगू?"

"तू ती ई-सिगारेट का ओढायला लागलीस, ते सांग."

"मला मुली आवडतात हे कळल्यावर वर्गाने वाळीत टाकलं. फक्त व्हेपवाल्यांनी जवळ बसवलं."

"आणि सोडलंस तेव्हा?"

"त्यांनीही उठवलं."

"हेच बोल. शेवटी सांग, आम्ही दोघी मधल्या सुट्टीत शाळेच्या जिन्याखाली बसतो. काही ओढावं लागत नाही. नुसती ये."

"बरं."

"हवं तर तोंड झाकून बोल."

"ओढत होते लपून. सोडलं तेही लपून सांगू? लाव कॅमेरा."

पुढचा नंबर पुकारायला उघडलेलं तोंड बाईंनी रील पुरी होईपर्यंत मिटलं.